सरांचा कूलर आणि माझा नारिंगी खडा

मे महिन्यात जळगावात कुणाकडे गेलात, तर पाण्याच्याही आधी "इकडे बसा, कूलरसमोर" हे वाक्य येतं. घरातला माणूस आपली जागा सोडून उठतो, कूलरचं तोंड तुमच्याकडे वळवतो आणि स्वतः भिंतीला टेकून घाम पुसत बसतो. त्याला "राहू द्या" म्हणायचं नसतं. मी धुळ्याची, आमच्याकडेही हेच. त्यामुळे माझ्या पीएचडीच्या गाईडनी, म्हणजे सरांनी, स्वतःच्या केबिनमधला कूलर काढून माझ्या टेबलाशेजारी आणून ठेवला, तेव्हा त्याचा अर्थ मला नीट कळला होता. अडचण एवढीच होती की त्या टेबलावर जे वाढत होतं, त्याला गार वारा चालत नव्हता.

काय वाढत होतं ते आधी सांगते.

धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात एक तेलाचं भांडं, तेल गरम, त्यात मानेपर्यंत बुडवलेली एक छोटी बाटली आणि बाटलीच्या तळाशी एक नारिंगी चौकोनी क्रिस्टल. संत्र्याच्या गोळीसारखा रंग, पण कडा अशा की कुणीतरी फूटपट्टी लावून कापल्यात. पेरोव्हस्काईट हे त्याच्या घराण्याचं नाव. त्यात शिसं असतं, ब्रोमीन असतं. हे जड अणू एक्स-रे अडवतात, आणि अडवलेल्या एक्स-रेचं त्या क्रिस्टलमध्ये थेट विजेत रूपांतर होतं. म्हणजे किरण किती आले हे त्या विजेवरून मोजता येतं.

हाताच्या किंवा दाताच्या फोटोला लागतात तेवढे किरण मोजणं वेगळं आणि कॅन्सरच्या उपचारात सोडतात तसले प्रखर किरण मोजणं वेगळं. तिथे बरेचसे मोजणारे पदार्थ एक तर गोंधळतात, नाही तर हळूहळू थकतात. आपला खडा तिथे टिकेल का, हा माझ्या पीएचडीचा विषय. सोप्या मराठीत मला तो इतकाच सांगता येतो. शाळा इंग्रजी माध्यमाची होती, त्यामुळे शास्त्राचे शब्द माझ्या तोंडी इंग्रजीच येतात, आणि घरी ते चालत नाहीत. घरच्यांनी विषयातला "एक्स-रे" तेवढा धरून ठेवला आहे. मावशीने एकदा तिच्या गुडघ्याचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "बघून सांग, घाई नाही."

तर या खड्याची एक खोड आहे. साखर, तुरटी, मोरचूद, सगळे पाक गार झाले की त्यांचे खडे होतात. हा उलटा. द्रावण तापवत गेलं की हा वाढतो आणि गार झालं की परत विरघळून जातो. जळगावच्या उन्हाळ्यात सगळं जग आडोसा शोधत असताना हा एकटा मजेत असतो. माझा त्याच्यावर जीव का बसला असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये बाकी सगळे कार्बन करतात. कपाशीच्या पऱ्हाट्या, केळीचे खांब, शेंगांची टरफलं, जे हाताला लागेल ते भट्टीत जातं आणि काळी पूड होऊन बाहेर येतं. त्या पुडीपासून वीज साठवायची साधनं बनवतात. काम चांगलं आहे, हमखास आहे, आणि त्यात कुणी अडकून पडत नाही. माझ्या खड्यांवर मात्र दोन उन्हाळे गेले होते. एक तर ते तडकायचे, नाही तर मोठे व्हायच्या आत धुरकट व्हायचे. त्या वर्षी सर म्हणाले, "हे बघ, धुळ्याच्या हॉस्पिटलात माझी एक विद्यार्थिनी आहे, तिथल्या कॅन्सरवर किरण सोडणाऱ्या मशीनची फिजिसिस्ट. रविवारी पेशंट नसतात तेव्हा ती मशीन तपासते, तेव्हा आपल्याला थोडा वेळ देते म्हणाली आहे. तुझ्या खड्याने तिथे सिग्नल दिला, तर पुढे जाऊ. नाही दिला, तर मी भट्टीत तुझ्या नावाने जागा धरून ठेवली आहे. राग मानू नकोस. तुझी वर्षं जातायत."

मी "हो सर" म्हणाले. मी बहुतेक वेळा तेवढंच म्हणते.

पण मला भट्टी नको होती. घरी फोनवरही मी हे बोलले नाही. आई रोज संध्याकाळी फोन करायची आणि आधी माझं जेवण, मग त्याची चौकशी करायची, "तुना खडा कसा शे?" मी म्हणायचे, चांगला आहे. तेव्हा तो खरंच चांगला होता. त्या वेळी बाटलीत जो वाढत होता तो आतापर्यंतचा सर्वांत मोठा, सर्वांत स्वच्छ होता. त्याच्यातून पलीकडच्या भिंतीवरची स्विचं दिसायची, नारिंगी होऊन.

आणि त्याच आठवड्यात सरांनी कूलर आणला.

मी जेवून आले तर तो आधीच चालू होता. नवी वाळ्याची जाळी, टाकी काठोकाठ भरलेली, आणि वारा सरळ माझ्या खुर्चीवर. सर शेजारी उभे होते, शर्ट पाठीला चिकटलेला. "दिवसभर तेलाजवळ बसतेस आणि काही बोलत नाहीस," ते म्हणाले. "आता बस निवांत. माझ्या केबिनमध्ये पंखा आहे, मला पुरतो."

मी म्हणाले, "थँक यू, सर."

त्या कपाटाची काच अर्धी वर असते, हात आत घालायला. खुर्चीवरून उरलेला वारा तिथून आत जात होता. तेल तापवणाऱ्या यंत्राला तेलाचं तापमान कळतं, तेवढं ते सांभाळतं. पण बाटलीची मान तेलाबाहेर असते. ती गार झाली की आतल्या वाफेचे थेंब होतात आणि ते गार थेंब खाली खड्यावर पडतात. मी काच शक्य तेवढी खाली ओढली. फटीत पुठ्ठा लावला. बाटलीच्या मानेला फॉईल गुंडाळलं. खुर्ची अशी सरकवली की माझ्या पाठीने वारा अडेल. मग सर दारातून डोकावले आणि म्हणाले, "अगं, अंगावर घे की वारा, पाठ काय करून बसलीस?" आणि त्यांनी कूलर फिरवून दुसऱ्या बाजूने लावला.

बंद करावा म्हटलं तर सर दर तासाला येऊन बघायचे. टाकीतलं पाणी कमी झालं की स्वतः बादली आणायचे. इतक्या प्रेमाने दिलेल्या वस्तूला "ही नको" कसं म्हणतात, हे मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

अशा वेळी माझ्यासाठी बोलणारी एक आहे. आमच्या लॅबमधली सीनिअर, जामनेरकडची. घरची केळीची शेती, कार्बनवाल्यांपैकीच, आवाज असा की खालच्या मजल्यावर कळतं ही आज आली आहे. मी तिला ताई म्हणते. माझ्या मनातलं ती माझ्या तोंडावरून वाचते आणि मोठ्याने सांगून टाकते. पण त्या आठवड्यात ती चुलत भावाच्या लग्नाला गेली होती.

ती परत आली ती बुंदीचा डबा घेऊन, हातावर मेंदी. दारातच थांबली.

"हा कूलर इथं काहून?"

"सरांनी दिला."

"कोणाले दिला?"

"मला."

तिने डबा ठेवला, वाकून कपाटात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. खड्याचे वरचे कोपरे गेले होते. फूटपट्टीने कापल्यासारख्या कडा आता वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या.

"माय वं," ती म्हणाली. "आणि तू काय करू राहिली होती?"

"पुठ्ठा लावला होता."

"पुठ्ठा! तोंड दिलंय ना देवानं? सांगायचं ना त्यायले. थांब, मीच जाते."

"नको," मी म्हणाले. "मी सांगते." हे मी का म्हणाले मला माहीत नाही. कदाचित तिने सांगितलं असतं तर सरांना सगळ्यांसमोर ऐकावं लागलं असतं म्हणून.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते एका फाईलने वारा घेत काहीतरी तपासत होते. वर बघून हसले. "ये, ये. कसा आहे कूलर?"

"छान आहे, सर."

"जाळी नवीन टाकलीय. वास येतो ना वाळ्याचा?"

"हो, सर."

मी परत आले. ताई वाटच बघत होती.

"सांगितलं?"

"त्यांनी विचारलं, कूलर कसा आहे."

"मग?"

"छान आहे म्हटलं."

ताईने कपाळावर हात मारला आणि टिकली हातालाच चिकटली. मला हसू आलं. तिलाही आलं. बराच वेळ आम्ही दोघी तोंडावर ओढणी धरून हसत होतो, आणि त्या हसण्यातच मला सुचलं की बोलायची गरजच नाही. मी रोज खड्याचे फोटो काढते. कूलर यायच्या आदल्या दिवसाचा आणि त्याच सकाळी काढलेला, असे दोन फोटो मी कागदावर छापून काढले. परत गेले, ते सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि उभी राहिले.

सरांनी पहिला पाहिला. दुसरा पाहिला. चष्मा काढून परत दुसरा पाहिला. मग उठले, लॅबमध्ये आले आणि स्वतःच्या हाताने कूलरची पिन काढली. पंखा थांबेपर्यंत ते तिथेच उभे होते.

"उलटं वाढणारं पोर आहे हे," शेवटी ते म्हणाले. "वर्गात मीच शिकवतो आणि मीच विसरलो." मग खाली वाकून बाटलीकडे बघत, अगदी गंभीरपणे, "सॉरी हं."

ताई मागून म्हणाली, "सर, ते इंग्लिश मीडियमचं आहे, त्याले समजलं."

सर आधी हसले आणि मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यभर सांगत राहीन. त्यांनी लॅबमधले सगळे कूलर बंद करायला लावले. फक्त माझ्याजवळचा नाही, कार्बनवाल्यांच्या बाजूचेसुद्धा सगळे. म्हणाले, हवेतला ओलावाही नको आणि वाराही नको, रविवारी धुळ्याला जायचंय, तोवर हा खडा परत उभा करायचा. पंखे बंद, खिडक्या बंद. चालू काय, तर एकटं ते धूर ओढणारं कपाट. आणि बाहेर मे महिना.

कार्बनवाल्यांनी एकच ओरडा केला. "सर, आम्ही काय पाप केलं?" "भट्टी कशाला पाहिजे मग, पऱ्हाट्या टेबलावरच ठेवा, आपोआप कार्बन होतो." एक जण रोज माझ्या टेबलाजवळून जाताना थांबायचा आणि म्हणायचा, "आमचं भरीत झालं की सांगतो, भाकरी घेऊन ये." पण कुणी घरी गेलं नाही. लायब्ररीत एसी होता, तिकडे जाता आलं असतं. तिथेही फारसं कुणी गेलं नाही. ओल्या पंच्यांनी डोकी झाकून सगळे तिथेच काम करत राहिले, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन कपाटात वाकून बघायचं. आजवर माझ्या खड्याकडे माझ्याशिवाय कुणी बघितलं नव्हतं. आता त्याची विचारपूस होत होती, जसा घरी आजारी माणूस असावा. कुणी ताक आणलं, कुणी टरबूज. ताईची बुंदी पहिल्याच दिवशी संपली.

कोपरे गेलेला खडा म्हणजे वाया गेलेला खडा नव्हे. द्रावण ताजं करून दिलं आणि ऊब स्थिर ठेवली, तर तो स्वतःच्या कडा परत भरून काढतो, कारण आतली रचना तीच असते. हे मी वाचलेलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते तेव्हा. गोल झालेल्या कोपऱ्यांवर आधी बारीक बारीक पायऱ्या दिसायला लागल्या, मग त्या एकमेकींत मिसळल्या, मग एक सपाट, चकचकीत बाजू. शुक्रवारी दुपारी मी जोरात "आली!" म्हणाले. कडा आली होती. लॅबमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. खड्याकडे नाही, माझ्याकडे. मी परत खाली बसले.

तो बाहेर काढायचं काम शनिवारी झालं. गरम असतानाच काढावा लागतो आणि अंगावरचं द्रावण लगेच टिपून घ्यावं लागतं, नाही तर ते गार होता होता त्याला खातं. ताईने टिपकागद गरम करून हातात धरला होता आणि श्वास धरला होता. तिला गप्प बघण्याचा तो एकमेव प्रसंग. खडा अख्खा आला. एकही तडा नाही. त्याच्या दोन बाजूंना चांदीची पेस्ट लावून केसासारख्या बारीक तारा चिकटवल्या, तो एका छोट्या डबीत बसवला आणि डबी काळ्या टेपने गुंडाळली, कारण साधा उजेडसुद्धा त्याच्या मोजणीत लुडबूड करतो.

रविवारी सकाळी आम्ही सरांच्या गाडीतून धुळ्याला निघालो. सर, ताई आणि मांडीवर डबी घेतलेली मी. एरंडोल यायच्या आधीच गाडीतली सीट तापून चटका द्यायला लागली. सरांनी काचा पूर्ण उघडल्या होत्या आणि गरम वारा तोंडावर येत होता.

"सर, एसी लावा ना," ताई म्हणाली.

"नको."

मी पुढे वाकले. "सर, आता चालेल. तो द्रावणाबाहेर आहे. आता गार झाला तरी काही होत नाही."

"नक्की?"

"हो, सर. आता तो साध्या दगडासारखा आहे."

सरांनी थोडा विचार केला. एसीच्या बटणापर्यंत हात नेला आणि परत मागे घेतला. "राहू दे. कशाला रिस्क?"

"सर, शास्त्र सांगू राहिली ती," ताई म्हणाली.

"शास्त्र मलाही माहीत होतं," सर म्हणाले. धुळे येईपर्यंत एसी लागला नाही. आम्ही हॉस्पिटलच्या आवारात उतरलो तेव्हा तिघांचे चेहरे लाल झाले होते, आणि दारावरच्या वॉचमनने आधी विचारलं, "पेशंट कोण आहे?"

फिजिसिस्ट मॅडम खाली आमची वाटच बघत होत्या. लहान चणीच्या, केस घट्ट बांधलेले. सरांच्या पाया पडल्या आणि उठताच म्हणाल्या, "सर, इथे मात्र माझं ऐकायचं. कुठेही हात लावायचा नाही." सर "हो, हो" म्हणाले आणि दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. मशीनच्या खोलीचं दार मी कधी पाहिलं नव्हतं इतकं जाड होतं. आत पलंग, त्याच्यावर वाकलेलं मशीनचं पांढरं डोकं, आणि भिंतीवर लहान मुलांसाठी काढलेलं हत्तीचं चित्र. जिथे पेशंट झोपतो तिथे मॅडमनी माझी डबी ठेवली. तारा भिंतीतल्या एका नळीतून बाहेरच्या खोलीत घेतल्या. आमचा मीटर, आमचा लॅपटॉप. दार बंद झालं. छोट्या पडद्यावर आतली डबी दिसत होती, मोठ्या पलंगावर एवढीशी.

"तयार?" मॅडमनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

बीम, म्हणजे किरणांचा झोत, सुरू झाला तेव्हा आवाज असा काहीच आला नाही, एक बारीक पिपाणी तेवढी वाजत राहिली. लॅपटॉपवरची रेघ एका झटक्यात सरळ वर गेली, पडद्याच्या माथ्याला टेकली आणि तिथेच आडवी झाली. आकड्याच्या जागी आकडा नव्हताच, नुसत्या रेघोट्या. मॅडमनी बीम थांबवला. परत सुरू केला. परत तेच.

"शॉर्ट झालंय बहुतेक," मॅडम म्हणाल्या. "तार कुठेतरी चिकटली असणार. किंवा क्रिस्टलच गेला."

सर शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांचे हात अजून मागेच बांधलेले होते. "असू दे," ते हळूच म्हणाले. "प्रयत्न तर केला." ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना भट्टी आठवत असणार. मला तर आठवतच होती. सोमवारपासून मी पऱ्हाट्यांचे तुकडे करत बसलेली मला दिसलेही.

पण मी रेघेकडे बघत होते. बीम थांबला की ती लगेच खाली येत होती. जिथून निघाली होती तिथेच, अगदी त्याच जागी. तार चिकटली असती तर ती बीम नसतानाही वरच राहिली असती. क्रिस्टल गेला असता तर ती वर गेलीच नसती. आमच्या लॅबमधल्या एक्स-रेच्या नळीतून फार थोडे किरण निघतात, म्हणून मीटर अगदी बारीक वीज मोजायला लावून ठेवलेला होता, आणि तो मी तसाच उचलून आणला होता.

मी ताईच्या कानाशी म्हणाले, "शॉर्ट नाही. रेंज लहान आहे. सिग्नल खूप मोठा आहे."

"मोठ्याने बोल ना."

मी नुसतं लॅपटॉपकडे बोट दाखवलं. ताईने एक क्षण वाट पाहिली, मग हात वर केला, जसा शाळेत करतात.

"मॅडम, ही म्हणते खडा ठीक आहे. तुमच्या मशीनपुढे आमचा मीटरच लहान पडला!"

सगळे माझ्याकडे वळले. आता मला बोलावंच लागलं. मी लॅपटॉपकडे गेले, रेंज मोठी केली, आणि ते करता करता बीम थांबल्यावर रेघ का खाली येते हे सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, कसंही. मॅडम मधेच "अरे हो" म्हणाल्या आणि त्यांच्या टेबलाकडे धावल्या.

बीम सुरू. रेघ वर गेली आणि मधेच थांबली. सरळ, सपाट, टेबलासारखी. बीम बंद, रेघ खाली. परत सुरू, परत तेवढीच वर. मॅडमनी किरण दुप्पट केले, रेघ दुप्पट उंच गेली. अजून वाढवले, अजून उंच. जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तशा, आणि प्रत्येक पायरीची उंची जितकी हवी तितकीच. मग त्यांनी बराच वेळ बीम चालू ठेवला, एका पेशंटला देतात त्याहूनही जास्त. मी श्वास धरून बघत होते की रेघ वाकते का, उतरते का. ती वाकली नाही.

ताईने माझ्या दंडाला इतका जोरात चिमटा काढला की पुढे दोन दिवस तो निळा होता. सर खुर्चीवरून उठले, पडद्याजवळ गेले, बोट लावायला हात पुढे केला आणि मॅडमकडे बघून परत मागे घेतला.

"लावा, सर," मॅडम हसत म्हणाल्या. "याला लावा."

सरांनी पडद्यावरच्या प्रत्येक पायरीला एकदा बोट लावलं. मग खिशातून मोबाईल काढला आणि तिथल्या तिथे भट्टीचं वेळापत्रक बघणाऱ्याला फोन लावला. "अरे, पुढच्या आठवड्यापासून जी जागा धरली होती ना, ती काढून टाक. हो, हो, तिचीच. दुसऱ्या कुणाला दे. नाही, नाही, ती कुठे जात नाहीये. ती खड्यावरच आहे." खोलीत मोबाईलला रेंज कमी होती म्हणून ते ओरडून बोलत होते, आणि ते वाक्य त्यांना तीनदा म्हणावं लागलं. तिन्ही वेळा मी ते ऐकलं. चौथ्यांदाही चाललं असतं.

जाड दार उघडलं. मॅडमनी आधी स्वतः आत जाऊन सगळं तपासलं आणि मला खूण केली. मी डबी उचलली, टेप सोडली. वाटलं होतं, एवढे किरण खाऊन खडा काळवंडला असेल, निदान थोडा मळका झाला असेल. तो तसाच होता. नारिंगी, चौकोनी. मी तो दिव्यासमोर धरला आणि त्याच्यातून पलीकडच्या भिंतीवरचा हत्ती बघितला.

मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "आज टिकला," त्या म्हणाल्या. "पण माझे पेशंट आठवडेच्या आठवडे येतात. मला रोज तोच आकडा लागतो. हा महिनाभराने आजच्यासारखाच बोलेल का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. उत्तरासाठी मी सरांकडे बघितलंही नाही. "ते मोजायला हवं. रोज नाही जमलं तरी दर रविवारी."

"दर रविवारी जळगावहून येणार? या उन्हात?"

"मी धुळ्याचीच आहे," मी म्हणाले. "तुमची मशीन किती वाजता मोकळी होते, तेवढं सांगा."

मॅडम सरांकडे बघायला लागल्या. सरांनी खांदे उडवले आणि म्हणाले, "मला काय विचारतेस? तिला विचार." ताई तोवर दारात उभी राहून माझ्या आईशी फोनवर बोलत होती. आम्ही किती जण जेवायला येतोय ते सांगत होती, आणि मॅडमनाही त्यात धरत होती.